दुधाची पारख

अतिपोकाला पहिली मुलगी झाली ती ऐन टंचाईच्या दिवसांत. जुनी बाजरी कणगीच्या तळाला गेली होती आणि नवी अजून शेतात कमरेइतकी उभी होती. दुपारची वेळ. सासू लारिबानं मागून काखेत हात घालून तिला धरलं होतं आणि पुढ्यात म्हातारी अलामिसी पाय पसरून बसली होती. त्या पंचक्रोशीतली निम्मी माणसं अलामिसीच्या हातांत पहिल्यांदा रडली होती. तिच्या बोलण्यात कधी घाई नसायची आणि हाताला कधी कापरं नसायचं.

"ओरड गं, ओरड," ती म्हणत होती. "आमचं काय, आम्ही बहिऱ्याच. पण जोर खाली लाव, घशात नको."

पोरगी बाहेर आली आणि तिनं असा टाहो फोडला की बाहेर बाओबाबच्या सावलीत बसलेला सासरा अयामगा तिथूनच ओरडला, "मुलगी ना? या आवाजाची बाजारात टोपल्या विकायला बरी!" बायका हसल्या. घामानं निथळत असलेली अतिपोकाही हसली आणि तिनं हात पुढे केले.

पण पोर तिच्या हातात आली नाही. अलामिसीनं तिला कोमट पाण्यानं धुतलं, शियाच्या बियांच्या लोण्यानं चोळलं, फडक्यात गुंडाळलं आणि लारिबाच्या ओटीत घातलं. लारिबा तिला घेऊन अंगणापलीकडच्या आपल्या खोलीत गेली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, अतिपोकालाही नाही. पहिलटकरणीचं दूध पारखल्याशिवाय लेकराच्या तोंडी लावायचं नसतं. कडू दूध प्यायलेलं लेकरू जगत नाही. तिच्या आईचं दूध असंच पारखलं होतं, आजीचंही. पुढे केलेले हात तिनं मागे घेतले आणि पोटावर ठेवले. पोट रिकामं होतं आणि हातांना काय करावं ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलामिसी भोपळ्याची वाटी घेऊन आली. अंगठ्यानं दाबून तिनं अतिपोकाचं थोडं दूध वाटीत काढलं. घट्ट, पिवळं, चिकाचं. लारिबानं कणगीखालच्या काळ्या मुंग्या पानावर धरून आणल्या आणि वाटीत सोडल्या. मुंग्या चढून बाहेर आल्या तर दूध गोड. तिघी वाटीवर वाकल्या. मुंग्यांनी पाय झाडले. एक कशीबशी कडेपर्यंत आली आणि तिथंच चिकटून राहिली.

"कडू," अलामिसी म्हणाली. पाऊस येईल की नाही ते सांगावं तितक्या शांतपणे. "घाबरू नकोस पोरी. पुष्कळींचं असतं. तुझ्या सासूचंही होतं. मुलगी आहे, तेव्हा चार दिवस; मुलगा असता तर तीन. मुळीचा लेप लावू, कडू दूध पिळून टाकू, चौथ्या दिवशी पुन्हा बघू."

"तोवर तिला काय?" अतिपोकानं विचारलं.

"तिला मी बघते," लारिबा म्हणाली. "तू पड."

अंगण काही मोठं नव्हतं. मधे चूल, पाण्याचे रांजण, दळायचा दगड आणि कोंबड्यांचं खुराडं, एवढंच. पण ते अंगण ओलांडायची तिला मनाई होती. पलीकडून पोरीचं रडणं येई आणि त्यासरशी अतिपोकाच्या छातीतून दूध आपसूक वाहायला लागे. पोटावरून ओघळून मांडीवर येई. सांगितल्याप्रमाणे ती उंबऱ्याशी बसून ते मातीवर पिळून टाकी. एक गिनी कोंबडी येऊन ती ओली माती टोचून जाई. कोंबडीला काही होत नव्हतं. पण हे अतिपोकाच्या ध्यानात आलं ते फार उशिरा.

लारिबा पोरीला मुळीचा काढा देई, पिठाचं पाणी देई, ओंजळीतून थेंब थेंब, मोठ्या मायेनं. तिचं गुणगुणणं इकडं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी पोर बाजारातल्या बाईसारखी रडली. मग करडासारखी. मग दार नीट लागत नसलं की वाऱ्यानं जसा आवाज येतो, तशी. लारिबा फडकी धुवायला वारंवार बाहेर येऊ लागली. ती अतिपोकाच्या दाराकडे बघेना.

"आत्याबाई," अतिपोकानं हाक मारली, "पोट बिघडलंय का तिचं?"

"बसेल ठिकाणावर."

"मी नुसती जवळ घेते. पाजत नाही. नुसती घेते."

"अंगावर घेतलीस की ती हुंगत तिथंच जाईल. मग तू तिला अडवशील?" लारिबाचा आवाज चिडका नव्हता, उलट विनवणीचाच होता. "एकच दिवस राहिलाय गं. दम धर."

अतिपोकानं दम धरला. तिसरा प्रहर झाला तेव्हा पलीकडचा आवाज थांबला आणि तिला वाटलं, झोपली एकदाची. तीही भिंतीला टेकून डुलकी लागल्यासारखी झाली. डोळे उघडले तेव्हा लारिबा दारात उभी होती. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. रिकामे.

"पाहुणी होती," लारिबा म्हणाली. "आली तशी गेली."

अतिपोका उठायला लागली तशी सासूनं तिचे खांदे दाबून धरले. "आवाज काढू नकोस. नाव न ठेवलेल्या लेकरावर रडायचं नसतं. तू रडलीस तर पुढचं तुझ्या पोटी यायला भिईल." हे सांगताना लारिबाचे स्वतःचे ओठ थरथरत होते. पण शब्द एकही अडखळला नाही. ते तिला पाठ होते.

म्हाताऱ्या बायकांनी पोरीला कुठंतरी नेलं. आईनं विचारायचं नसतं. तिनं विचारलं नाही.

चौथ्या दिवशी अलामिसी ठरल्याप्रमाणे आली. उपचार अर्धवट सोडला तर पुढच्या लेकराला बाधतो, असं ती म्हणाली. तिनं दूध काढलं. आता ते पातळ, पांढरं उतरलं होतं. मुंग्या सोडल्या. मुंग्या कडेला लागल्या, भिंत चढावी तशी वाटी चढल्या, आणि एकामागून एक बाहेर पडून जमिनीवर चालू लागल्या.

"गोड झालं," अलामिसी म्हणाली.

अलामिसीनं वाटी विसळली, पालथी घातली आणि काठी टेकत निघून गेली.

त्या गोड झालेल्या दुधाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस ते येत राहिलं. शेजारच्या घरचं तान्हं रडलं तरी येई. अतिपोका छातीला फडकं आवळून बांधी आणि बाजरी निंदायला जाई. नवरा अकुगरे दक्षिणेला कुमासी शहरात हमालीला होता. त्याला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "तिकडं पाऊस आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

कापणी झाली, वाळवंटाकडचा कोरडा वारा सुरू झाला, ओठ फुटले, आणि अकुगरे घरी आला. दोन महिने राहिला. रोज सकाळी तो छपराची डागडुजी करी, आणि नसलेली भोकंही बुजवी. मुलीचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही, नाव नव्हतंच. परत जाताना मात्र त्यानं अतिपोकाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. तसं करायची तिकडं रीत नाही. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला दिवस गेलेत.

त्याच सुमारास घरची शेळी व्याली. अतिपोका अंगणात टोपली विणत बसली होती. करडू अजून ओलंच होतं, पाय चार दिशांना जात होते. तरी ते धडपडत उठलं आणि थेट आईच्या कासेला जाऊन भिडलं. ढुशा देऊन देऊन प्यायलं. कुणी पारखलं नाही, कुणी अडवलं नाही. संध्याकाळपर्यंत ते दळायच्या दगडावर उड्या मारत होतं.

अतिपोकाचे विणते हात थांबले. ती उठली, भोपळ्याच्या फुटक्या वाटीत शेळीचा थोडा चीक काढला. घट्ट, पिवळा. मग कणगीखाली जाऊन तिनं काळ्या मुंग्या पानावर धरल्या आणि चिकात सोडल्या. मुंग्यांनी पाय झाडले. एकही वर आली नाही.

किती वेळ ती तशी बसून राहिली कोण जाणे. शेवटी तिनं हाक मारली, "आत्याबाई, जरा इकडं या."

लारिबा पिठाचे हात झटकत आली.

"ही वाटी बघा."

"मेल्या मुंग्या. कुणाचं दूध हे?" लारिबानं चटकन शेजारच्या घराकडे पाहिलं. "कोण बाळंत झालं?"

"शेळी."

लारिबाला आधी कळलं नाही. मग तिनं वाटीकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, दगडावरून उडी मारणाऱ्या करडाकडे पाहिलं. आणि अतिपोकाच्या थोबाडीत ठेवून दिली.

लग्न होऊन आल्यापासून सासूनं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. उलट गावातल्या इतर सुना तिला म्हणायच्या, तुझी सासू म्हणजे आईच, आमच्याच नशिबी वाघिणी. गालाचं काही नाही, पण अतिपोकाला सासूच्या तोंडाकडं बघवेना. जणू मार तिलाच बसला होता. लारिबानं वाटी हिसकून उकिरड्यावर भिरकावली, घरात गेली आणि त्या दिवशी जेवायला बाहेर आली नाही.

मग दोघींमधे बोलणं उरलं ते कामापुरतं. पाणी आणलंस का, मीठ संपलंय, कोंबड्या कोंड. अतिपोकाचं पोट वाढत होतं. ओढ्यापलीकडे छोटा सरकारी दवाखाना होता. तिथली नर्स टेनी पोटुशा बायकांना आठवड्यातून एकदा बोलवायची. अतिपोका जाऊ लागली. टेनी जाडजूड, दमलेली आणि तोंडाची फटकळ बाई होती. बोलताना एकीकडे ती आपल्या दुखऱ्या गुडघ्याला मलम चोळत असे.

"बाळ आलं की काय करायचं?" ती बायकांना विचारी.

"धुवायचं," बायका म्हणत.

"नाही! धुणं नंतर, नाच नंतर, फोन नंतर. आधी आईच्या उघड्या छातीवर. आधी दूध. तो पिवळा चीक टाकायचा नाही, तेच पहिलं औषध आहे."

"आणि सासूबाई?" कुणीतरी मागून विचारलं.

"सासूबाई पण नंतर!"

बायका खिदळल्या. अतिपोका हसली नाही. तिला विचारायचं होतं, आणि आधीच जी गेली तिचं काय? पण ते विचारायला तोंड उघडलं असतं तर बंद झालं नसतं.

एका आठवड्याला ती निघाली तेव्हा लारिबा डोक्याला फडकं बांधून अंगणात उभीच होती. "मीही येते," एवढंच म्हणाली. दवाखान्यात ती सगळ्यात मागच्या बाकावर बसली. टेनीचं बोलणं चालू होतं तोवर तिनं मान वर केली नाही. येताना ओढ्याच्या वाळूत मात्र ती मधेच थांबली.

"तुझी आई तुझ्या बाळंतपणाला आली नव्हती ना?"

"नाही. तिला ताप होता."

"असती तर तिनं काय केलं असतं?"

अतिपोकानं जरा विचार केला. "तुम्ही केलं तेच."

लारिबानं मान हलवली आणि पुन्हा चालू लागली.

भुईमूग उपटायच्या दिवसांत सासरा अयामगा भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन आला. घरची सून कुठं बाळंत व्हायची हे घरधन्यानं ठरवायचं असतं, आणि घरधनी अयामगा होता. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "लेकरू याच घरात व्हायला हवं. पितरांनी ते येताना पाहायला हवं. मागची गेली ती सुनेचं मन दवाखान्याकडे होतं म्हणून." मागच्या वेळी अतिपोकाला दवाखान्याची वाटही माहीत नव्हती. पण सासऱ्यापुढे बोलायचं कसं? तिनं लारिबाकडे पाहिलं. लारिबा भुईमुगाच्या शेंगा तोडत होती.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी ज्वारीची कणसं अंगणभर वाळत घातलेली होती. लारिबानं तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, एक गाठोडं काखेला मारलं, तिचा दंड धरला आणि म्हणाली, "चल."

"कुठं? अलामिसी आजींना बोलवायला कुणी—"

"चल म्हटलं ना."

अयामगा दारापुढे, बाओबाबखाली आपल्या नेहमीच्या ओंडक्यावर बसला होता. दोघींना पाहून त्यानं काठी आडवी धरली.

"कुणीकडे?"

"ओढ्यापलीकडे," लारिबा म्हणाली.

"मी काय सांगितलं होतं? पितर—"

"अकुगरेचे बाबा," लारिबा म्हणाली. तिचा आवाज इतका खाली होता की अतिपोकाला शेजारी असूनही कान द्यावा लागला. "अकुगरेच्या आधी तुमच्या दोन मुली मी याच घरात जन्माला घातल्या. पितरांनी दोघींना येताना पाहिलं. मग जातानाही पाहिलंच असेल. हात पुढे केला का एकानं तरी?"

अयामगा तिच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात ते दोन शब्द, 'दोन मुली', त्यांच्यात कधी उच्चारले गेले नव्हते. त्याची काठी हळूहळू खाली आली. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि रिकाम्या शेताकडे बघत बसला.

ओढ्याच्या वाळूत अतिपोका तीनदा खाली बसली. प्रत्येक वेळी लारिबा तिच्या पुढ्यात बसे आणि म्हणे, "माझ्या गळ्याला लोंब. लोंब गं, मी काही मोडत नाही."

दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. टेनीला हातमोजे चढवायलाही धड सवड मिळाली नाही. मुलगीच झाली. टेनीनं तिला कोरड्या फडक्यानं पुसलं आणि होती तशीच, चिकट, नाळेसकट अतिपोकाच्या उघड्या छातीवर ठेवलं.

ते इवलं गरम अंग अंगाला लागलं मात्र, अतिपोका घाबरली. इतके महिने तिनं मनाशी हजारदा ठरवलं होतं. पण तिचा हात झटकन उठला आणि त्यानं स्तन झाकला. "नको," ती म्हणाली. "अजून नको. कडू असेल. आधी बघा कुणीतरी. आधी बघा ना!"

"अगं बाई, काही कडू नसतं," टेनी म्हणाली. तिचे दोन्ही हात नाळेत गुंतले होते. "मला हे सोडता येत नाही. हात काढ."

अतिपोकाला हात काढता येईना. बोटं जणू तिची नव्हतीच. तेवढ्यात उशाशी उभी असलेली लारिबा वाकली. तिनं अतिपोकाची बोटं एक एक करून उचलली, बाजूला केली, आणि तो हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

"पिऊ दे," लारिबा म्हणाली. "पिऊ दे तिला."

पोरगी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग तिनं मान उचलली, डुलवली, नाक घासलं. एखादं आंधळं माणूस ओळखीच्या घराचं दार चाचपतं तशी ती सरकत सरकत गेली. चुकली. पुन्हा सरकली. आणि तिनं तोंड लावलं.

"कुणी शिकवलं हिला?" लारिबानं विचारलं.

"कुणी शिकवत नाही," टेनी म्हणाली. "सगळ्यांना येतं. आपण मधे आलो नाही म्हणजे झालं."

टेनी हे रोजच्या कामातलं बोलणं बोलली आणि पुढच्या कामाला लागली. पण अतिपोकाच्या हातावरची सासूची पकड ढिली पडली. लारिबानं आणखी थोडा वेळ पाहिलं. पोरीच्या गालाचं हलणं पाहिलं, गिळताना होणारा बारीक आवाज ऐकला. मग ती बाहेर गेली. खिडकीतून अतिपोकाला तिची पाठ दिसत होती. व्हरांड्याच्या पायरीवर बसून लारिबा उगाचच गाठोड्याची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

दुसऱ्या दिवशी तिघी घरी आल्या. अयामगानं नातीकडे लांबूनच पाहिलं, खाकरला, आणि एक पांढरी गिनी कोंबडी धरून चुलीपाशी आणून ठेवली. अलामिसीला बातमी लागायला वेळ लागला नाही. ऊन कलता कलता ती काठी टेकत आली. काखेत झोळी होती आणि झोळीतून वाटीची कड दिसत होती. अतिपोका आतल्या खोलीत चटईवर पोरीला घेऊन बसली होती. तिनं पोरीला नकळत आवळून धरलं. पण लारिबा आधीच उंबऱ्यात जाऊन उभी राहिली होती.

"मला बोलावलं नाहीस," अलामिसी म्हणाली.

"नाही बोलावलं, मावशी."

"असू दे. घाई झाली असेल. पहिली गेलेली, म्हणजे ही पहिलीच धरायची. दूध पाहून घेऊ."

"नको."

"नको म्हणजे?"

"तिनं प्यायलं. झाल्या झाल्या प्यायलं. कालपासून पितेय."

अलामिसीनं मान पुढे काढून आतल्या अंधारात पाहिलं. पोरगी तेव्हाही पीत होती. तिचा आवाज तेवढा त्या खोलीत येत होता.

"आणि?" अलामिसीनं विचारलं.

"आणि काही नाही. बरी आहे."

म्हातारीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लारिबा," ती म्हणाली, "तुझं दूध मीच पारखलं होतं. दोन्ही मुलींच्या खेपेला."

"हो."

"मग तू मला काय म्हणतेस? तोंडानं म्हण. उंबऱ्यात आडवी उभी राहून नको म्हणूस."

अतिपोकाला वाटलं आता सासू बोलणार, जे इतकी वर्षं बोलली नाही ते सगळं. लारिबाचे खांदे वर आले. पण मग खाली गेले.

"काही म्हणत नाही, मावशी," ती म्हणाली. "उन्हातून आलात. आत या. पिठाचं पाणी कालवते, प्या."

अलामिसी आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच, भिंतीला टेकून, मोठ्या कष्टानं खाली बसली. लारिबानं आणून दिलेलं पाणी तिनं हातात धरलं, पण प्यायली नाही. "माझंही कुणीतरी पारखलं होतं," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. "तीन मुलगे. ती बाई फार चांगली होती. माझ्याबरोबर रडायची." मग भांडं तसंच भरलेलं खाली ठेवून ती उठली. लारिबा तिला हात द्यायला गेली, तो तिनं घेतला नाही. काठी टेकत ती बाजरीच्या खुंटांमधल्या पायवाटेनं निघाली. लारिबा ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होती.

मग ती आत आली आणि भिंतीपाशी उकिडवी बसली. पोरगी पिता पिता झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता.

"थोरलीचं नाव मी ठेवलं होतं," लारिबा म्हणाली.

अतिपोकानं वर पाहिलं.

"ठेवायचं नसतं. पण मनातल्या मनात ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नाही. अकुगरेच्या बाबांनाही नाही." तिनं पदर तोंडाला लावला. "तेनपोका. मातीची मुलगी. धाकटीचं नाही ठेवलं. भीती वाटली." आणि मग इतक्या वर्षांनी, नाव न ठेवलेल्या लेकरावर रडायचं नसतं हे गावातल्या सगळ्या सुनांना सांगणारी लारिबा मोठ्यानं रडायला लागली. पदरानं तो आवाज दबेना. बाहेर बाओबाबखाली अयामगाचं खाकरणं थांबलं.

रडणं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "तुझीचं? तू ठेवलं होतंस?"

अतिपोकाला खोटं सांगता आलं असतं. एखादं नाव तिथल्या तिथं सुचवता आलं असतं, आणि सासूला बरं वाटलं असतं.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "मी तिला धड पाहिलीच कुठं होती? तुम्ही पाहिली. कशी होती ते तुम्हीच सांगा."

सासूला माफ केलं की नाही ते अतिपोकाला ठाऊक नव्हतं. तिनं स्वतःलाही ते विचारलं नाही. ती चटईवर जरा पलीकडे सरकली, एवढंच. लारिबा उठून तिच्या शेजारी बसली.

"कान तुझ्यासारखे होते," लारिबा म्हणाली. "आणि डाव्या भुवईत भोवरा. पिठाचं पाणी दिलं की तोंड वाकडं करायची. तिला ते आवडायचं नाही. तोंड फिरवायची आणि माझ्या छातीला लागायची. तिथं काय होतं? काही नव्हतं. तरी शोधायची."

ती सांगत राहिली आणि अतिपोका ऐकत राहिली.